पट्ट्यातला डावा हात

“दार लावा! अरे, दार लावा म्हणून सांगून राहिलो ना मघापासून!” क्लासचे सर टेबलावर तळहात आपटत ओरडले.

“राहू द्या की सर उघडं. जरा हवा येती,” मी म्हणालो.

“तुमची हवा येती आन् आमची केमिस्ट्री जाती, कलाकार! शेजारी अख्खी बॅच बसलीय. दार लाव रे!”

शिपायानं दार लावलं. नुसतं लावलं नाही, मेहरबानी म्हणून वरची कडीही सरकवली. ती कडी दाराला लागली का माझ्या आतड्याला, मला आजवर कळलेलं नाही.

लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर मी उभा होतो. गळ्यात अकॉर्डियन. हे वाद्य म्हणजे छातीला बांधलेला शिलाई मशीनचा अवतार. खांद्यावर दोन पट्टे, पाठीवर एक, आणि एकदा चढवलं की माणूस त्याचा नोकर. समोर टेबलामागं दोघं. एक क्लासचे सर, ज्यांना संगीतातलं टाळ्या वाजवण्यापलीकडं काही येत नव्हतं. दुसरे पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्या मिशा अशा, की एका टोकाला कबुतर बसलं तरी दुसरं टोक हललं नसतं. त्यांच्या हातात मी कॉम्प्युटरवर छापून आणलेले नोटेशनचे कागद होते.

“उजवा हात ऐकला,” मास्तर म्हणाले. “चांगला हाय. आता ह्या खालच्या ओळी वाजवा.”

खालच्या ओळी म्हणजे डाव्या हाताचा बास. आणि माझा डावा हात भूकंपापासून पट्ट्यात गेलेला नव्हता.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजवीकडं पेटीसारख्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या असतात, त्या दिसतात. डावीकडं बटणं असतात, मक्याच्या कणसावर दाणे असावेत तशी रांगेनं, आणि वाजवणाऱ्याला त्यातलं एकही दिसत नाही. एक बटण दाबलं की एक खर्जाचा सूर येतो. त्याच्या शेजारचं दाबलं की तीन सुरांचा घोळकाच अंगावर येतो. एका बटणावर तेवढा खळगा पाडलेला असतो. आंधळ्या बोटाला तो खळगा सापडला की बाकीचं गाव आपोआप सापडतं. पण हे सगळं करायचं तर मनगट चामडी पट्ट्यात कोंबावं लागतं, कारण त्याच हातानं भाताही ओढायचा असतो. डोळे बांधलेला घाण्याचा बैल आणि माझा डावा हात यांच्यात फरक एवढाच, की बैलाला कडबा मिळतो.

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरातच राहायचो, माळवदाच्या घरात. माळवद म्हणजे लाकडांवर अंथरलेल्या मातीचं धाब्याचं छप्पर. उन्हाळ्यात गार, आणि एरवी डोक्यावर गाडीभर माती. गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या ऑर्केस्ट्रानं एवढं वाजवलं होतं, की गणपतीनंसुद्धा हात जोडले असतील. घरी आलो आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलो. वाद्य गळ्यात, हात पट्ट्यात. पहाटे जमीन गुरगुरली. गुरगुरली हा शब्द मी मोजून वापरतोय. एखादं मोठं जनावर घराखालून कूस बदलत गेलं. बायको तान्ह्या लेकीला घेऊन एका उडीत बाहेर. मी उठलो आणि दारात अडकलो. आमचं दार अरुंद, छातीवरची पेटी रुंद. हात पट्ट्यातून निघेना. चौकटीनं बटणं दाबली गेली, भाता माझ्याच वजनानं मिटत गेला आणि त्यातून असा एक घोगरा, न संपणारा हुंकार निघाला, की मला वाटलं जमीन माझ्याच छातीतून बोलून राहिली. पाठीमागं माती पडायला लागली. बायकोनं माझी शेंडी, कॉलर, कान, जे हाताला लागलं ते धरून मला उपटलं. ती म्हणते कॉलर. माझा कान तेव्हापासून दोन बोटं लांब आहे.

मागची भिंत गेली, आम्ही राहिलो. इकडं आमच्या गल्लीत भिंती पडल्या. तिकडं किल्लारी, औसा-उमरग्याच्या बाजूला गावंच्या गावं गेली, पोलिस ढिगाऱ्याखालून मढी उपसून राहिलेत, हे उजाडल्यावर कळलं. पुढं कितीतरी दिवस अख्खं लातूर ताडपत्रीखाली झोपलं. ट्रक गेला तरी माणसं उठून बसायची. आम्ही शेवटी नांदेड गाठलं आणि पत्र्याचं घर धरलं. पत्रा पडला तर खोक पडंल, माणूस उरंल, असा माझा हिशोब.

त्यानंतर मी वाजवायचं सोडलं नाही, पण हात पट्ट्यात घालायचं सोडलं. पट्टा वरून मुठीत धरायचा आणि भाता ओढायचा. काही झालं की मूठ सोडली, माणूस मोकळा. बास गेला तो गेला. लोक विचारायचे, तर मी काय भीती सांगणार? बिलोलीत सांगितलं, बटणांत उंदरानं पिल्लं घातलीत, पाप नको. मुदखेडला सांगितलं, ढोलकी असताना बास वाजवणं म्हणजे जेवणावर जेवण. माहूरला सांगितलं, डावा हात देवीला वाहिलाय. तिथं तर एका म्हाताऱ्यानं त्या हाताला नमस्कार केला आणि नारळ दिला. नारळ मी उजव्या हातानं घेतला.

बायको मात्र फसायची नाही.

“अवो, घाला की एकदा हात त्या पट्ट्यात. भूकंप काय तुमच्या हाताची वाट बघत बसलाय का?”

“बसलाय. तुला ठावं न्हाई.”

“मग त्याला सांगा, लेकीची बारावी होऊ दे म्हणावं.”

कारण लेक दहावी पास झाली होती, चांगल्या मार्कांनी, आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. तेव्हा लातूर म्हणजे डॉक्टर करायचा कारखाना झाला होता. ज्या गल्लीत आम्ही ताडपत्री बांधून झोपलो होतो तिथं क्लासच्या पाट्या लागल्या. पाटीवर पाटी, मजल्यावर मजला. मला ते मजले बघूनच घाम फुटायचा. भूकंप विसरायची एवढी घाई गावाला कशी झाली, असं वाटायचं. पण लेकीला तिथंच शिकायचं होतं आणि फी आमच्या आवाक्याबाहेर. डीजेच्या भिंती आल्यापासून ऑर्केस्ट्राला लग्नात कुत्रं विचारत नव्हतं. मी नांदेडच्या एका छापखान्यात क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाईप करायचो. दिवसभर बाण, त्रिकोण आणि घर्षण.

आणि तिथंच ती जाहिरात छापायला आली. लातुरातल्या ह्या सरांनी क्लासशेजारी निवासी शाळा काढली होती, तिला बँड मास्तर पाहिजे. अकॉर्डियन दोन्ही हातांनी यावं, नोटेशन स्वतः छापून द्यावं, तीन चाली नमुन्याला पाठवाव्यात. आणि सगळ्यात खाली: कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना क्लासची फी माफ. ती ओळ मीच टाईप केली. टाईप करून पुन्हा तीनदा वाचली.

छापखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये संगीत छापायचा प्रोग्रॅम मी एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून टाकून घेतला. पाच रेघा येतात, माऊसनं टिचकी मारली की सूर बसतो, बटण दाबलं की कॉम्प्युटर वाजवून दाखवतो. वरच्या पाच रेघा उजव्या हाताच्या, खालच्या डाव्याच्या. ऑर्केस्ट्रात एका गोव्याच्या वादकाकडून मी वाचायला शिकलो होतो, त्यामुळं नियम ठाऊक होता: बासचा घोळका लिहिताना एकच सूर मांडायचा आणि त्याच्या डोक्यावर एक अक्षर ठेवायचं. वाजवणारा त्यावरून ओळखतो की हे एक बटण दाबलं की तिघं बोलतील.

पहिल्यांदा मी तसंच लिहिलं. पण कॉम्प्युटर पडला सरळमार्गी. डोक्यावरचं अक्षर त्याला कळेना. तो बिचारा एकच सूर वाजवायचा, पडसं झालेल्या बकरीसारखा. मला ते सहन होईना. म्हणून मी एकाच्या ठिकाणी तीन सूर रचले. आता कसं भरल्यासारखं वाजलं! आणि मग मला नाद लागला. खरं सांगतो, कितीतरी वर्षांनी मी बास ऐकत होतो आणि पळून जावंसं वाटत नव्हतं. पट्टा नाही, भाता नाही, छापखान्याचं शटर उघडं, मी पायरीजवळच्या खुर्चीत. बिनपट्ट्याचा बास! तीनाचे चार केले, चाराचे पाच. खर्जातून वर, वरून खाली, मध्ये एक गिरकी. भूक लागलेला माणूस पंगतीत बसल्यासारखा मी लिहीत सुटलो. वीज गेली की थांबायचो, आली की पुन्हा पानावर. कागदावर माझ्या डाव्या हाताला चौदा बोटं फुटली होती.

छापखान्याचा मालक डोकावून म्हणाला, “हे काय, कोंबडीचे पाय छापून राहिला का?”

लेकीनं कागद उलटेपालटे करून बघितले. “पप्पा, हे तुम्हाला वाजवता येतं?”

“कॉम्प्युटर वाजवतो की बेटा.”

“तिथं कॉम्प्युटर नेणार का?”

तिला डॉक्टर नाही, वकील करायला पाहिजे होतं.

कागद पाठवले आणि बोलावणं आलं. लेक सोबत आली. सरांनी मोठ्या मनानं तिला शेजारच्या वर्गात बसायला सांगितलं, कसं शिकवतात ते बघ म्हणून. तिनं पिशवीतून वही काढली, वेणी मागं टाकली आणि त्या गर्दीत अशी जाऊन बसली की तिची जागा जणू आधीपासून धरून ठेवली होती. मला ते बघून बरं वाटायला पाहिजे होतं. मी मोजत होतो, तिच्या बाकापासून दारापर्यंत मधे किती पोरं आहेत.

आणि मग तो तिसरा मजला, ती कडी, आणि मास्तरांच्या हातातले माझे कागद.

“हे बघा,” मास्तरांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. “इथं एका वेळी पाच सूर लावलेत. चार बोटं पट्ट्याच्या आत ऱ्हातात. अंगठा बाहेर. मग पाचवं बोट कुणाचं?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. पण माझी जीभ कुठं ऐकते? “लातूर पॅटर्न हाय, साहेब. जरा जास्तीचं करून घ्यायचं.”

सर खूश होऊन हसले. मास्तरांच्या मिशा हलल्या नाहीत.

“बरं, जास्तीचं ऱ्हाऊ द्या. साधं वाजवा. एक सूर, एक घोळका, एक सूर, एक घोळका. शाळेची पोरं चालतील एवढं.” मग ते थांबले आणि माझ्या डाव्या मुठीकडं बघायला लागले. “ती मूठ सोडा. हात आत घाला.”

“असंच धरतो मी, साहेब. सवय हाय.”

“मुठीनं बटण कसं दाबणार?”

“कलाकार,” सर म्हणाले, “बाहेर अजून दोघं बसलेत. तुमची पोरगी हुशार दिसती, म्हणून वेळ देऊन राहिलो.”

मी हात आत घातला.

एवढ्या वर्षांत मनगट जाड झालं होतं की पट्टा आखडला होता, कोण जाणे. चामडं चढताना त्याचा वास आला, घामाचा आणि धुळीचा, आणि मला तोंडात माती लागली. खोलीत माती कुठली? फरशी चकचकीत होती, भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो होते, रांगेनं, सगळे हसणारे. मी त्या फोटोंकडं बघत बोटानं खळगा शोधायला लागलो. एका बटणावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. मला ऐकू येत होतं ते फक्त शेजारच्या बॅचचं एका सुरात घोकणं. त्या सुरात माझ्या लेकीचा सूर असणार. खळगा सापडला. भाता ओढला. बटण दाबलं.

तोच हुंकार. तसाच घोगरा. बंद खोलीत तो भिंतीला लागला आणि परत माझ्या छातीत येऊन बसला. मास्तरांनी मान खाली घातली होती, ऐकायला असेल. “हां,” ते म्हणाले, “पुढं.”

मी घोळक्याचं बटण दाबलं. आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं.

मी भाता थांबवला. पाणी थांबलं नाही. फरशीतून काहीतरी पायात चढलं, तळपायातून पिंढरीत. खिडकीच्या काचा बोलायला लागल्या. भिंतीवरचा एक डॉक्टर तिरका झाला. खालून आवाज आला: तोच, जनावर कूस बदलतंय तसा, पण ह्या खेपेला ते उठूनच बसत होतं.

मी हात ओढला. निघेना. मनगट पट्ट्यात, पट्टा पेटीला, पेटी छातीला. दुसऱ्यांदा. देवा, दुसऱ्यांदा! दाराकडं वळलो तर दार सताड उघडं होतं. कडी कुणी काढली, हे विचारायला वेळ नव्हता. मी बाहेर उडी घेतली ती जिन्याकडं नाही, शेजारच्या वर्गात. भाता लोंबत होता, माझ्या प्रत्येक पावलागणिक पेटी रेड्यासारखी हंबरत होती, आणि मी लेकीचं नाव घेऊन ओरडलो, “बाहेर हो! बाहेर हो आधी!”

अख्खी बॅच उठली.

ते उठणं मी कधी विसरणार नाही. बाकं उलटली, वह्या उडाल्या, आणि सगळी पोरं एका दारात आली. त्या पोरांतली बरीचशी त्या पहाटे आयांच्या कडेवर होती. त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. लेक माझ्यापर्यंत पोहोचली, मी उजव्या हातानं तिचा दंड धरला, आणि जिन्यात आम्ही वाहत गेलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गर्दी तटली. पुढचे हलेनात, मागचे थांबेनात. माझ्या पेटीपुढं, भिंतीच्या कोपऱ्यात लेक. तिच्या अंगावर भार येऊ नये म्हणून मी पाय रोवले, आणि पाठीवर अख्खं लातूर आलं. पेटी दाबली गेली. सगळी बटणं एकदम बोलली. लेक म्हणाली, “पप्पा, श्वास घेता येईना.” एरवी मी ह्या जागी सांगितलं असतं की मी अमुक केलं, तमुक केलं. मी काही केलं नाही. खाली वॉचमननं जाळीचं दार पूर्ण उघडलं, गर्दी सुटली आणि आम्ही रस्त्यावर सांडलो.

कुणाला काही झालं नाही. जिन्यात चपलांचा ढीग, एका पोराचा चष्मा गेला, एक पोरगी रडत होती आणि दुसरी तिला गप्प करता करता स्वतः रडत होती. सगळे माना वर करून इमारतीकडं बघत होते. इमारत उभी होती, चांगली ताठ, आम्हीच वेडे असल्यासारखी. आणि शेजारच्या प्लॉटवर बोअर मारायची गाडी धडधडत होती. नुकतीच सुरू केलेली. जमिनीत नळ जात होता, पांढरा धुरळा उडत होता, आणि गाडीवरचा माणूस एवढी पोरं का जमली म्हणून आमच्याकडं बघत होता.

सर सगळ्यांत शेवटी उतरले. त्यांचा चेहरा बोअरच्या धुरळ्यासारखा झाला होता. ते आधी पोरांवर ओरडले, मग वॉचमनवर, मग माझ्यावर. “एक पोरगं जरी जिन्यात गेलं असतं ना, कलाकार! त्यांच्या आईबापांना काय तुमची पेटी वाजवून दाखवू? जा तुम्ही. परत ह्या पायरीवर दिसू नका.” मग लेकीकडं वळून, जरा हळू आवाजात, “तुला इथं जमायचं न्हाई, बाळ.”

लेकीनं मान हलवली. तिची वही वरच राहिली होती. ती आणायला जाऊ का, एवढंच तिनं विचारलं. मी नको म्हणालो.

पोरं पुन्हा जिना चढायला लागली. मी रस्त्याच्या कडेला बसलो, हात अजून पट्ट्यातच. मनगट सुजून आलं होतं. तेव्हा मास्तर जवळ आले, उकिडवे बसले आणि पट्ट्याचं बक्कल सैल करायला लागले. त्यांची बोटं माझ्यापेक्षा जास्त कापत होती. आणि तेव्हा मला सुचलं, की आम्ही खाली आलो तेव्हा हे गृहस्थ आधीच रस्त्याच्या पलीकडं, मोकळ्यावर उभे होते. एक पाय अनवाणी.

“मास्तर,” मी म्हणालो, “मी तर भित्रा, माझं सोडा. पण ती कडी तुम्ही काढली. तुम्ही पोलिसातला माणूस, तुम्ही कामून पळाला?”

त्यांनी माझा हात पट्ट्यातून बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला.

“किल्लारीला आमचा अख्खा बँड नेला होता,” ते म्हणाले. “वाजवायला न्हाई.”